स्तुतीतील उणेपण : दमास्कियसकृत इसिडोर-चरित्राची संहिता आणि मूल्यदृष्टी

१

चरित्र हा वाङ्मयप्रकार मुळातच स्तुतीकडे कललेला असतो. चरित्रनायकाची निवड करतानाच चरित्रकाराने एक मूल्यनिर्णय केलेला असतो आणि पुढील लेखन बहुधा त्या निर्णयाचे समर्थन म्हणून उभे राहते. लेखक शिष्य आणि नायक गुरू असेल तर हा कल अधिकच बळावतो. त्यातून हे गुरुशिष्य ज्या समुदायाचे घटक आहेत तो प्रतिकूल सत्तेच्या छायेत वावरत असेल, त्याची देवळे पाडली जात असतील, त्याच्या पाठशाळांवर पाळत असेल, तर स्तुती हे त्या समुदायाच्या आत्मरक्षणाचे साधन बनते. अशा काळात आपल्याच माणसांचे दोष लिहून ठेवणे हा जवळजवळ द्रोह समजला जातो.

ही सर्वसाधारण धारणा घेऊन दमास्कियस या ग्रीक तत्त्वज्ञाने लिहिलेल्या इसिडोर-चरित्राकडे वळणारा वाचक गोंधळात पडतो. सहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाचा विषय आहे अलेक्झांड्रियाचा इसिडोर आणि त्याच्या भोवतीचे अखेरचे बिगरख्रिस्ती तत्त्वज्ञ. समुदाय पराभवाच्या उंबरठ्यावर आहे आणि चरित्रकाराला त्याची पूर्ण जाणीव आहे. तरीही तो आपल्या माणसांची स्तुती करता करता थांबतो आणि त्यांचे उणे नोंदवतो. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख असलेल्या फोटियसने हा ग्रंथ वाचला, तेव्हा त्याला हीच गोष्ट खटकली. दमास्कियस ज्या ज्या व्यक्तीला उचलून धरतो तिच्यात कोठे ना कोठे काही कमी असल्याचे दाखवतो, आणि अशा रीतीने प्रत्येकाला थोडे थोडे छाटून सर्वांच्या वरचे आसन न बोलता स्वतःसाठी राखून ठेवतो, असा फोटियसच्या आक्षेपाचा आशय आहे. हा लेखक ख्रिस्ती धर्मावर आडून भुंकतो, अशीही त्याची तक्रार आहे.

फोटियसचे निरीक्षण अचूक आहे, याची साक्ष उपलब्ध संहिता पानोपानी देते. त्याने दिलेले स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. दमास्कियसच्या लेखनातील उणेपणाची नोंद हा त्याच्या स्वभावाचा दोष मानावा, की ती त्याच्या चरित्रलेखनाची पद्धती आहे? आणि पद्धती असेल तर ती कोठवर न्याय्य ठरते? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत ग्रंथाचा विचार केला असता चरित्र या वाङ्मयप्रकाराविषयीही काही हाती लागण्याजोगे आहे.

२

या विचारात पहिली अडचण संहितेचीच आहे. दमास्कियसचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. आज जे वाचायला मिळते ते दोन ठिकाणांहून गोळा झालेले आहे. पहिले ठिकाण म्हणजे फोटियसचा 'बिब्लिओथेका' हा ग्रंथपरीक्षणांचा संग्रह. त्यातील १८१ व्या टिपणात या ग्रंथाचे परीक्षण आहे आणि २४२ व्या टिपणात त्यातून काढलेले वेचे आहेत. हे वेचे पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी अनेक एकेका वाक्याचे, मागचापुढचा संदर्भ तुटलेले आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे दहाव्या शतकातील 'सूदा' हा बायझंटाइन कोश. या कोशाच्या संकलकांनी दमास्कियसचे उतारे वर्णानुक्रमाने विखरून टाकले आहेत. एखाद्या व्यक्तीचे वर्णन तिच्या नावाखाली आले, तर एखादे वाक्य केवळ त्यातील दुर्मीळ शब्दाचे उदाहरण म्हणून भलत्याच नोंदीत जाऊन बसले. पुष्कळदा मूळ लेखकाचे नावही दिलेले नाही. शैली आणि विषय यांवरून तो उतारा दमास्कियसचा असावा, असा निर्णय अभ्यासकांना करावा लागला.

या विखुरलेल्या तुकड्यांना आधुनिक काळात तीन वेळा महत्त्वाचे रूप मिळाले. रुडॉल्फ आस्मुस याने १९११ मध्ये जर्मन अनुवादाच्या रूपाने ग्रंथाची पुनर्रचना केली. क्लेमेन्स झिंत्सेन याने १९६७ मध्ये ग्रीक संहिता संपादित केली. तीत फोटियसचे वेचे एका मालिकेत आणि इतर अवशेष वेगळे, अशी सावध मांडणी आहे. पोलिम्निया अथानासियादी यांनी १९९९ मध्ये दोन्ही साधने एकत्र गुंफून सलग वाचता येईल असा क्रम लावला, आणि 'सूदा'तील उल्लेखाचा आधार घेऊन ग्रंथाला 'तत्त्वज्ञानाचा इतिहास' या अर्थाचे नाव दिले. फोटियस त्याला 'इसिडोरचे चरित्र' म्हणतो. नावातील हा फरक किरकोळ नाही. पहिल्या नावाने एक व्यक्ती केंद्रस्थानी येते आणि इतर सारे विषयांतर ठरते. दुसऱ्या नावाने तेच विषयांतर ग्रंथाचा मुख्य आशय बनते. स्वतः फोटियसनेही हा ग्रंथ इसिडोरचे जितके चरित्र आहे तितकेच, किंबहुना अधिक, इतर अनेकांचे आहे, असे नोंदवून ठेवले आहे.

संहितेची ही अवस्था उणेपणाच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. निंदेची वाक्ये चटकदार असतात आणि वेचणाऱ्याच्या डोळ्यांत चटकन भरतात. तेव्हा आज दिसणारे निंदेचे प्रमाण हे निवडीचे फळ असू शकेल, अशी शंका रास्त आहे. फोटियससारख्या प्रतिपक्षी वाचकाच्या बाबतीत तर ती अधिकच रास्त आहे. परंतु 'सूदा'च्या संकलकांचा हेतू सर्वस्वी निराळा होता. त्यांना शब्द आणि नावे हवी होती, आणि फोटियसकडे नसलेला पुष्कळ मजकूर त्यांनी जतन केला आहे. अशा दोन परस्परभिन्न चाळण्यांतून गळून आलेल्या मजकुरात स्तुती आणि तिला जोडून येणारी वजाबाकी ही एकच घडण आढळते. ती घडण चाळण्यांनी निर्माण केलेली नसून मूळ लेखकाची आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येतो.

३

इसिडोर हा ग्रीक तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जवळजवळ अज्ञात आहे. त्याचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अलेक्झांड्रियात जन्मलेला हा तत्त्वज्ञ हेरायस्कस आणि अस्क्लेपिआडीस या भावांच्या सहवासात वाढला. ग्रीक तत्त्वज्ञानाबरोबरच इजिप्तच्या प्राचीन धर्मविद्येचे ज्ञान हे या भावांचे वैशिष्ट्य होते. पुढे तो अथेन्सला गेला, वृद्ध प्रोक्लसला भेटला आणि मारिनसजवळ त्याने अध्ययन केले. प्रोक्लस ४८५ मध्ये निवर्तल्यावर मारिनस त्याच्या पीठावर आला. मारिनसनंतर उत्तराधिकाराचा मान इसिडोरकडे चालून आला, पण तो प्रत्यक्षापेक्षा नावापुरताच राहिला, असे दमास्कियस सूचित करतो; इसिडोर अथेन्समध्ये रमला नाही आणि अलेक्झांड्रियाला परतला. त्याची पत्नी डॉम्ना प्रसूतीनंतर पाचव्या दिवशी वारली. मुलाचे नाव प्रोक्लस ठेवण्यात आले होते. हायपेशिया ही इसिडोरची पत्नी होती, असे 'सूदा'त म्हटले आहे. हायपेशियाची हत्या ४१५ मध्ये, इसिडोरच्या जन्माच्याही आधी झाली, हे ध्यानात घेता ही कोशकारांची चूक उघड आहे. विखुरलेले उतारे नव्याने जोडताना माणसांची आयुष्येही कशी चुकीची जोडली जातात, याचे ते उदाहरण आहे.

या अल्पशा वृत्तांतात कर्तृत्वाच्या रूढ कल्पनेत बसणारे काहीच नाही. ग्रंथ नाहीत, पीठाची भरभराट नाही, वादविजय नाहीत. तरीही हा माणूस एका फार मोठ्या बुद्धीच्या शिष्याच्या आयुष्यातील निर्णायक घटना ठरला. दमास्कियसने वक्तृत्वशास्त्राचे शिक्षण घेऊन नऊ वर्षे ते शास्त्र शिकवले होते. इसिडोरच्या संगतीत त्याचे मन त्या व्यवसायावरून उडाले. अलेक्झांड्रियातील छळाच्या काळात दोघे तेथून निघाले आणि सिरियातून व आशिया मायनरमधून सुमारे आठ महिन्यांचा प्रवास करीत अथेन्सला पोहोचले. वाटेतील पवित्र स्थळे, झरे, विवरे, आकाशातून पडलेले मानले जाणारे पूज्य पाषाण यांची वर्णने ग्रंथात आहेत. एका मावळत्या धर्माच्या भूगोलाची ही नोंद आहे. आणि गुरुशिष्यांचे नाते वर्गाबाहेर, रस्त्यावर घडत गेल्याचेही त्यातून कळते.

४

शिष्याने लिहिलेले तत्त्वज्ञ-चरित्र हा प्रकार दमास्कियसपूर्वी पूर्णपणे रूढ झालेला होता. पॉर्फिरीने तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या संधीवर प्लॉटिनसचे चरित्र लिहिले. दमास्कियसला अधिक जवळचा नमुना म्हणजे मारिनसने प्रोक्लसच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत लिहिलेले प्रोक्लस-चरित्र. या चरित्राची रचना कालक्रमापेक्षा गुणश्रेणीवर आधारलेली आहे. नैसर्गिक, नैतिक, नागरी, शुद्धिकारक, चिंतनपर आणि शेवटी दैवतसाधनेशी निगडित गुण, अशी ही चढती शिडी आहे. पॉर्फिरीने मांडलेल्या आणि आयम्ब्लिकसच्या परंपरेने वाढवलेल्या या श्रेणीच्या प्रत्येक पायरीवर मारिनस प्रोक्लसला उभा करतो आणि प्रत्येक पायरीवर तो परिपूर्ण असल्याचे दाखवतो. अशा चरित्रात शिडी ही नायकाच्या गौरवाची चौकट बनते.

दमास्कियसच्या हाती तीच शिडी मोजपट्टी होते. तो एका माणसाऐवजी अनेक माणसे घेतो आणि कोण कोणत्या पायरीपर्यंत पोहोचला, कोठे अडला, हे पाहतो. हर्मियसचे उदाहरण घ्यावे. कष्टाळूपणात तो कोणाला हार जाणारा नव्हता. पुस्तक विकणाऱ्याने अजाणतेपणी कमी किंमत सांगितली तर हर्मियस ती चूक दाखवून योग्य किंमत देत असे. इतक्या सचोटीच्या माणसाविषयी दमास्कियस लगेच सांगतो की, त्याची बुद्धी फारशी तीक्ष्ण नव्हती आणि वादात आपली बाजू लढवण्याचे बळ त्याच्यात नव्हते. या दोन विधानांत विरोध शोधण्याचे कारण नाही. नैतिक गुणांच्या पायरीवर हर्मियस पूर्ण आहे. चिंतनाच्या पायरीवर तो उणा आहे. डॉम्निनस गणितात समर्थ, पण तत्त्वचिंतनात वरवरचा, हा अभिप्राय त्याच जातीचा आहे. मारिनसचा प्रामाणिकपणा व परिश्रम मान्य करून त्याच्या आकलनाच्या खोलीविषयी व्यक्त केलेली शंकाही याच मापनाचा भाग आहे.

ही पद्धती केवळ पुरुष तत्त्वज्ञांपुरती मर्यादित नाही. हर्मियसची पत्नी एडेसिया हिच्याविषयी दमास्कियस अतिशय आदराने लिहितो. पतीच्या निधनानंतर तिने दोन मुलांना तत्त्वज्ञानाच्या शिक्षणासाठी तयार केले. गरजूंना देण्याचा तिचा हात इतका सढळ होता की घरावर कर्ज झाले. वृद्धापकाळी ती वारली तेव्हा तरुण दमास्कियसने तिच्या अंत्यविधीच्या वेळी वीरवृत्तातील पद्यांनी सजवलेले भाषण केले होते. स्वतःच्या हातून झालेल्या या जुन्या स्तुतीची आठवण चरित्रात नोंदवणारा लेखक स्तुतीच्या वाङ्मयप्रकाराशी किती परिचित होता, हे येथे दिसते. स्तुती कशी करतात, हे त्याला ठाऊक होते. चरित्रात त्याने निराळे काही करायचे ठरवले.

दूरच्या पाहुण्यांनाही तो याच दृष्टीने न्याहाळतो. रोमन सत्तेत ४७० मध्ये कॉन्सल झालेला सेव्हेरस पुढे अलेक्झांड्रियात येऊन ग्रंथांच्या सहवासात राहिला. त्याच्या घरी भारतातून ब्राह्मण आले होते. ते सार्वजनिक स्नानगृहांकडे किंवा शहरातील प्रेक्षणीय गोष्टींकडे फिरकत नसत. खजूर व भात खात आणि पाणी पीत. भारतीय वाचकाला कुतूहल वाटावे असा हा तपशील आहे. समीक्षेच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ते त्यापुढचे वाक्य. हे ब्राह्मण डोंगरात राहणाऱ्या तपस्व्यांपैकी नव्हते आणि निव्वळ नगरवासीही नव्हते. दोहोंच्या मध्ये राहून ते डोंगरातल्यांची शहराशी निगडित कामे पाहत, असे दमास्कियस सांगतो. परदेशी ज्ञानी पुरुषांविषयीच्या ग्रीक लेखनात 'ब्राह्मण' हा बहुधा एकसंध आदर्श असतो. येथे त्या आदर्शालाही पायऱ्या आहेत, आणि समोर आलेल्या माणसांची पायरी लेखक नेमकी सांगतो.

उणेपण नोंदवणे ही या समुदायाची आंतरिक सवयच होती, असे मानण्यास एका प्रसंगाचा आधार मिळतो. मारिनसने प्लेटोच्या 'फिलेबस' या संवादावर मोठे भाष्य लिहून इसिडोरला वाचायला दिले. ते वाचून इसिडोरने आपल्या गुरूचे, म्हणजे प्रोक्लसचे, भाष्य पुरेसे आहे, एवढाच अभिप्राय दिला. मारिनसने ग्रंथ जाळून टाकला. हा प्रसंग क्रूर वाटतो. पण अभिप्राय मागणारा, देणारा आणि तो अमलात आणणारा या तिघांच्या वागण्यामागे एक समान श्रद्धा आहे : जे आवश्यक नाही ते चांगले असूनही टिकवू नये. दमास्कियसचे चरित्रलेखन या कठोर वातावरणाचे अपत्य आहे.

५

फोटियसचा आक्षेप खरा असता तर या मापनातून निदान चरित्रनायक तरी वगळला गेला असता. किंवा इतरांना छाटल्यामुळे उरलेले सिंहासन लेखकाने गुरूला दिले असते. संहितेत तसे घडत नाही. इसिडोरच्या मुखमंडलाचे, विशेषतः डोळ्यांचे वर्णन भारावलेले आहे. ते डोळे एकाच वेळी स्थिर आणि चपळ होते. त्यांत सौंदर्याच्या आणि प्रज्ञेच्या देवता एकत्र नांदत होत्या, अशा आशयाचे ते वर्णन आहे. परंतु त्याच इसिडोरपाशी वक्तृत्वाची आणि काव्याची विद्या बेताचीच होती, हेही दमास्कियस सांगतो. त्याच्या स्तोत्रांत विचाराची उंची होती, पद्याची बांधणी मात्र निर्दोष नव्हती. पांडित्याचा संचय त्याला प्रिय नव्हता. जुन्यांपैकी पायथागोरस आणि प्लेटो, नव्यांपैकी पॉर्फिरी, आयम्ब्लिकस, सिरियानस आणि प्रोक्लस एवढ्यांवर त्याची भक्ती होती. शब्दांपेक्षा वस्तूकडे थेट जाण्याची त्याची ओढ होती.

ही उणेपणाची नोंद कोण करतो आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. नऊ वर्षे वक्तृत्वशास्त्र शिकवलेला शिष्य शब्दांवर अविश्वास असलेल्या गुरूविषयी लिहितो आहे. आणि तो ज्या भाषेत लिहितो ती अलंकारांनी, काव्यात्म शब्दांनी भरलेली आहे. शैलीबद्दल फोटियसने केलेली टीकाही याच अंगाची आहे. येथे चरित्राच्या आशयात आणि शैलीत एक ताण उत्पन्न होतो. गुरूचे मोठेपण ज्या मौनात होते ते सांगायला शिष्याजवळ केवळ त्याने सोडून दिलेली विद्या उरली आहे. इसिडोरचे उणे सांगताना दमास्कियस आपल्या माध्यमाचेही उणे उघडे पाडतो. स्वतःला सर्वांच्या वर बसवू पाहणाऱ्या लेखकाने ही गोष्ट लपवली असती.

या ठिकाणी दमास्कियसच्या तत्त्वज्ञानाकडे पाहणे उद्बोधक ठरते. 'आद्य तत्त्वांविषयी' या त्याच्या प्रमुख ग्रंथाचा आरंभच एका शंकेने होतो : सर्वांचे म्हणून जे एक आदितत्त्व सांगितले जाते ते सर्वांच्या पलीकडचे आहे की सर्वांतलेच एक आहे? पलीकडचे म्हटले तर ते सर्वांचे आदितत्त्व कसे? सर्वांतले म्हटले तर ते आदितत्त्व कसे? प्रोक्लसने बांधलेल्या भव्य व्यवस्थेतील प्रत्येक विधान तो अशा रीतीने तपासतो आणि अंतिम तत्त्वाविषयीचे कोणतेही विधान अपुरेच पडते, अशा अनिर्वचनीयतेच्या टोकाशी जाऊन थांबतो. जो लेखक अंतिम तत्त्वाविषयीच्या उत्तम विधानालाही उणे ठरवतो, त्याने माणसाविषयीच्या उत्तम विधानाला पूर्ण मानावे, अशी अपेक्षा करता येत नाही. इसिडोर-चरित्रातील वजाबाकी आणि या ग्रंथातील शंका यांच्या मुळाशी एकच मनोधर्म आहे. गुरूला परिपूर्ण म्हणणे हे त्याच्या दृष्टीने गुरूविषयीचे अज्ञान ठरले असते.

६

एवढे मान्य केल्यावरही ही मोजपट्टी सर्वत्र सारख्याच न्यायाने वापरली गेली काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याची कसोटी छळाच्या प्रसंगांत लागते. ४८० च्या दशकात अलेक्झांड्रियातील बिगरख्रिस्ती अध्यापकांवर संकट कोसळले. नगराजवळच्या मेनूथिस येथील इसिसचे गुप्त देवस्थान उद्ध्वस्त झाले आणि तेथील मूर्ती शहरात आणून जाळण्यात आल्या. झकारियस या ख्रिस्ती लेखकाने सेव्हेरस या धर्मगुरूच्या चरित्रात या घटना आपल्या बाजूने सांगितल्या आहेत. ते चरित्र सिरियाक भाषेत टिकून राहिले. वर उल्लेखिलेला रोमन सेव्हेरस वेगळा. झकारियसच्या कथनातही होरापोलो, हेरायस्कस, अम्मोनियस, इसिडोर ही नावे येतात. तेथे ती एका गटाची नावे आहेत. दमास्कियसच्या ग्रंथात तोच गट व्यक्तींमध्ये सुटा होतो.

होरापोलो आणि हेरायस्कस यांना टांगून यातना देण्यात आल्या. लपलेल्या सहकाऱ्यांचा, ज्यांत इसिडोर होता, ठावठिकाणा त्यांनी सांगितला नाही. दमास्कियसचा धाकटा भाऊ ज्युलियन याने फटके सोसले आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढे याच होरापोलोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तशी सक्ती दिसत नसताना, कसल्या तरी अतृप्त हव्यासापोटी त्याने हे केले, असे दमास्कियस लिहितो. येथे त्याची पद्धती सर्वांत फलदायी ठरते. सूडाने लिहिणाऱ्याने होरापोलोच्या यातना वगळल्या असत्या. केवळ गौरवासाठी लिहिणाऱ्याने त्याचे पक्षांतर वगळले असते. एकाच माणसाच्या आयुष्यात धैर्य आणि च्युती या दोन्ही घडल्या, आणि पहिल्याने दुसरीचे निवारण केले नाही, हे सांगण्याची ताकद या चरित्रात आहे.

अम्मोनियसच्या बाबतीत मात्र तोल ढळतो. हर्मियस आणि एडेसिया यांचा हा मुलगा अलेक्झांड्रियातील पाठशाळेचा प्रमुख होता. लाभावर दृष्टी ठेवून त्याने तेथील ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याशी करार केला, असा दमास्कियसचा आरोप आहे आणि त्याची भाषा जळजळीत आहे. हर्मियसच्या वर्णनात असलेली गुण आणि उणे यांची मांडणी येथे आढळत नाही. आरोपाने सारी जागा व्यापली आहे. खुद्द दमास्कियस अम्मोनियसजवळ प्लेटो आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र शिकला होता. सिम्प्लिसियससारखा भाष्यकारही त्याच्याच पाठशाळेत तयार झाला. करार झाला असेल तर त्याची किंमत काय आणि त्याने काय वाचले, हा प्रश्न दमास्कियस विचारत नाही. अलेक्झांड्रियातील अध्यापन पुढे चालू राहिले. ॲरिस्टॉटलच्या भाष्यांची परंपरा त्या मार्गानेच पुढील शतकांकडे गेली. तडजोड करणाऱ्याच्या पदरात पडलेले हे श्रेय मोजायला दमास्कियसच्या शिडीवर पायरीच नाही. गुणश्रेणी व्यक्तीची उंची मोजते. संस्था तगवण्यासाठी व्यक्तीने पत्करलेल्या खालच्या पायरीचे मूल्य तिला मोजता येत नाही.

हायपेशियाविषयीच्या विधानातही हीच मर्यादा जाणवते. तिची विद्वत्ता, तिचा संयम, नगरातील तिचा मान आणि बिशप सिरिलच्या मत्सरातून घडलेली तिची हत्या यांचा आज उपलब्ध असलेला एक प्रमुख वृत्तांत दमास्कियसचाच आहे. पण इसिडोर आणि ती यांची तुलना करताना तो पुरुष आणि स्त्री, तसेच खरा तत्त्वज्ञ आणि भूमितिज्ञ, असा दुहेरी भेद करतो. भूमितिज्ञ म्हणून तिला एक पायरी खाली ठेवणे त्याच्या मूल्यव्यवस्थेशी सुसंगत आहे. स्त्रीत्वाची जोड देताना मात्र तो मोजपट्टी सोडून रूढ समजुतीचा आधार घेतो. एडेसियाविषयी लिहिणाऱ्या आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, एका स्त्रीसाठीच हा ग्रंथ रचणाऱ्या लेखकाकडून हे घडावे, ही विसंगती नोंदवणे प्राप्त आहे.

७

फोटियसने दिलेल्या माहितीनुसार हा ग्रंथ थिओडोरा या स्त्रीला उद्देशून आहे. ती आयम्ब्लिकसच्या कुलपरंपरेतील होती, जुन्या देवतांची उपासक होती आणि तिने दमास्कियस व इसिडोर या दोघांजवळही अध्ययन केले होते. तिच्या आग्रहावरून चरित्र लिहिले गेले. या अभिप्रेत वाचकाचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे उणेपणाच्या नोंदीचा आणखी एक अर्थ लागतो. थिओडोराने गुरूला प्रत्यक्ष पाहिले होते. तिला इसिडोर मोठा होता, हे पटवून देण्याची गरज नव्हती. तिच्यासमोर अतिशयोक्ती चालली नसती. हा ग्रंथ प्रतिपक्षाच्या मतपरिवर्तनासाठी किंवा अनोळखी भाविकांसाठी लिहिलेला नाही. ज्यांना माणसे माहीत होती त्यांच्यासाठी लिहिलेला आहे. फोटियस हा या ग्रंथाचा आगंतुक वाचक होता. घरातल्या माणसांनी घरातल्यांविषयी केलेले मोकळे बोलणे दाराबाहेरच्या माणसाच्या कानी पडावे आणि त्याला ते कलह वाटावे, तसे त्याचे झाले.

ग्रंथ लिहिला गेला तेव्हा इटलीत थिओडोरिक सत्तेवर होता. म्हणजे तो ५२६ पूर्वीचा आहे. ५२९ मध्ये जस्टिनियनच्या कारकिर्दीत अथेन्समधील तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावर बंदी आली. तेव्हा पीठाधिपती दमास्कियसच होता. तो आणि सिम्प्लिसियस यांच्यासह सात तत्त्वज्ञ इराणच्या खुस्रो राजाच्या आश्रयाला गेले, तेथे त्यांचा अपेक्षाभंग झाला आणि ५३२ च्या तहातील एका कलमाने त्यांना आपापल्या घरी निर्धास्त राहण्याची हमी मिळाली, असे इतिहासकार अगाथियस सांगतो. सिरियातील एमेसा येथे ५३८ सालचा एक शिलालेख सापडला आहे. झोसिमी नावाच्या दासीच्या मृत्यूवर दमास्कियसने रचलेले दोन ओळींचे स्मरणपद्य त्यावर कोरलेले आहे. अनेक नामवंतांना तोलणाऱ्या लेखकाची ही अखेरची ज्ञात खूण एका दासीच्या स्मरणार्थ आहे.

हा उत्तरार्ध माहीत असलेला वाचक इसिडोर-चरित्र एका संपलेल्या जगाचे स्मारक म्हणून वाचू लागतो. दमास्कियसने ते तसे लिहिलेले नाही. अथेन्समध्ये हेगियसच्या काळात तत्त्वज्ञानाची जितकी अवहेलना झाली तितकी पूर्वी कधी झाल्याचे ऐकिवात नाही, अशा आशयाचे त्याचे विधान आहे. असे विधान स्मारकाच्या दगडावर कोणी कोरत नाही. ज्याला ती अवहेलना दूर करायची आहे आणि करता येईल अशी आशा आहे, तोच असे लिहितो. स्वतःच्या परंपरेचे उणे तो पराभवाचे कारण म्हणून सांगत नाही. सुधारणेचे काम म्हणून सांगतो. पीठाची सूत्रे हाती आल्यावर त्याने अथेन्सच्या पाठशाळेला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, हे लक्षात घेता चरित्र हा त्या कामाचाच एक भाग होता, असे म्हणता येईल.

आपल्या बाजूचा समुदाय संकटात असताना चरित्रकाराने त्याचे गुणगान करावे की त्याचे मोजमाप करावे, हा प्रश्न दमास्कियसच्या ग्रंथाने उभा केला आहे. त्याने निवडलेल्या उत्तराची किंमत अम्मोनियससारख्यांना चुकवावी लागली आणि खुद्द दमास्कियसलाही निंदकाची अपकीर्ती पत्करावी लागली. परंतु त्याच उत्तरामुळे हर्मियसची सचोटी, होरापोलोचे धैर्य आणि इसिडोरचे डोळे आज विश्वसनीय वाटतात. प्रोक्लस-चरित्रातील परिपूर्ण प्रोक्लस आदर उत्पन्न करतो. दमास्कियसने उणेपणासह रेखाटलेली ही अल्पख्यात माणसे ओळखीची होतात. मूळ ग्रंथ हरवून, तुकडे होऊन, प्रतिपक्षाच्या हातून आणि कोशाच्या वर्णानुक्रमातून येऊनही ती ओळख पुसली गेलेली नाही.